विंडोज सोडून लिनक्स मिंट : फोंड्यातल्या आमच्या ऑफिसला नेमकं किती पडलं

गोव्यात फोंड्याला आमचं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे, सोसायट्या, दुकानदार आणि आजूबाजूच्या देवस्थान समित्यांची कामं असतात. ऑडिटची धावपळ आटपल्यावर डिसेंबरच्या शेवटी बहुतेक मशीन विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) आणली, आता पावसाळा लागला, म्हणजे मत द्यायला हरकत नाही.

कारण सगळ्यांचं तेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा, आमचे बहुतेक सहाव्या-सातव्या जनरेशनचे. मशीन धडधाकट आणि तरी बाद! पैसे भरून अपडेट चालू ठेवता येतात, पण ऑफिसांसाठी पहिल्या वर्षाला मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, तेही जास्तीत जास्त तीनच वर्षं. नवीन पीसी घ्यायचे तर प्रत्येकी पस्तीस-चाळीस हजार. म्हणून मिंट २२, त्याला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे.

सिस्टीमला एक रुपया गेला नाही हे खरं, पण पैसे गेलेच आणि गेले ते भलत्याच ठिकाणी. एसएसडी (हार्डडिस्कच्या जागची वेगवान डिस्क) टाकल्या, तो खर्च धरलेलाच होता आणि तो एकदम वसूल, जुनी हार्डडिस्क असलेलं मशीन सकाळी ऑन करून चहा पिऊन येईपर्यंत लोड होत असायचं ते आता लगेच उघडतं. प्रिंटरने मात्र कंबरडं मोडलं. एक जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर काही केल्या नीट चालेना, ड्रायव्हर टाकला की दोन दिवस चालायचा आणि परत झोपायचा, शेवटी नेटवर्कवाला नवीन घेतला. आधी मिंटच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह बूट करून आपलाच प्रिंटर, आपलाच स्कॅनर लावून बघा, इन्स्टॉल न करता कळतं.

टॅली. हा प्रश्न सगळ्यात आधी येणार, म्हणून सांगतो, टॅली अधिकृतपणे विंडोजवरच चालते, वाइनमधून (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणारा प्रोग्राम) चालवणारे आहेत पण क्लायंटचा डेटा घेऊन ती सर्कस मी करणार नाही. दोन मशीन विंडोज ११ वाली ठेवली, टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन तिथेच. काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण जीएसटीची शेवटची तारीख असताना प्रयोग कशाला. म्हणजे आमचं ऑफिस पूर्ण लिनक्सवर गेलेलं नाही आणि जाणारही नाही.

खरा खर्च मराठी फायलींचा. देवस्थानांची इतिवृत्तं, नोटिसा, जत्रेची पत्रकं, वर्षानुवर्षं जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेली. त्या फायलींत आतमध्ये देवनागरी नसतेच, इंग्रजी अक्षरांना मराठीचा वेश चढवलेला असतो, फॉन्ट नसेल तर नुसता कचरा दिसतो. फॉन्ट कॉपी करून टाकला तर वाचता येतं, पण त्यात टाइप करायचं सॉफ्टवेअर विंडोजचंच. म्हणजे सगळं युनिकोडमध्ये, कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा खऱ्या देवनागरीत, आणा. कन्व्हर्टर आहेत पण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, मग ओळ न् ओळ माणसानेच तपासायची, त्यात महाजनांची (देवस्थानच्या सभासदांची) नावं, एक चुकलं तरी मिटिंगमध्ये वादाला तेवढंच पुरतं. यासाठी कॉलेजची दोन मुलं पार्टटाइम ठेवली आणि त्यांचा पगार एसएसडी अधिक प्रिंटर यापेक्षा जास्त झाला. हे काम विंडोजवर राहिलो असतो तरी कधीतरी करावंच लागलं असतं, त्यामुळे सगळं बिल लिनक्सच्या नावावर फाडणं बरोबर नाही, पण गेले ते याच वर्षी गेले.

आमचे मामा (सगळ्यात जुने क्लार्क, सगळे मामाच म्हणतात) टाइपरायटरच्या काळातले, बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीला सरावलेली. इनस्क्रिप्ट (कॉम्प्युटरवर मराठीसाठीची कीबोर्डची दुसरी मांडणी) दाखवला तर कोकणीत म्हणाले, "हांव आतां हें शिकचो ना", म्हणजे मी आता हे शिकणार नाही. जबरदस्ती केली नाही, कीबोर्डवर स्टिकर लावले आणि सोडून दिलं. महिनाभर चिडचिड, काम निम्म्यावर, आता बरे टाइप करतात पण आधीचा स्पीड अजून आलेला नाही. हा तोटा कुठल्या बिलात दिसत नाही.

लिबर ऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी चालणारं फुकट सॉफ्टवेअर) रोजच्या कामाला पुरतं. वर्डच्या फायलींची पानं आधी सरकायची, वर्डच्या कॅलिब्री फॉन्टच्या जागी त्याच मापाचा कार्लिटो फॉन्ट टाकल्यावर बरंच थांबलं. एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम) असतील तर मात्र जपून, आमच्या एका सोसायटीची व्याज काढायची शीट अर्धीच चालली, ती सरळ विंडोजवाल्या मशीनवर पाठवली.

लोक जर्मनीतल्या म्युनिकचं नाव काढतात, तिथल्या पालिकेने वर्षानुवर्षं खपून हजारो मशीन लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचं ठरवलं. त्यात राजकारणही होतं, आणि आपल्या आठ-दहा मशीनच्या ऑफिसला ते माप लावून उपयोग नाही. आमचा हिशेब एवढाच की मुलांचा पगार धरूनसुद्धा सगळे पीसी नवीन घेण्याच्या निम्म्याहून कमीत भागलं. तुमचं ऑफिस नुसतं टॅलीवर चालत असेल तर या भानगडीत पडू नका, नवीन पीसी घ्या. पत्रव्यवहार, ईमेल, ब्राउझर एवढंच असेल तर बिनधास्त करा, फक्त मार्चमध्ये करू नका.