डिफर्ड स्ट्रक्ट पेज इनिट: १ टीबीच्या सर्व्हरवर वापरून पाहिल्यावर

लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरीच्या प्रत्येक ४ केबी तुकड्यामागे (पेजमागे) एक नोंद ठेवतो. ६४ बिटच्या इंटेल आणि एएमडी यंत्रांवर ही नोंद, म्हणजे स्ट्रक्ट पेज, साधारणपणे ६४ बाइटची असते. आमच्या डेटाबेस सर्व्हरला १ टीबी मेमरी आहे. त्यामुळे सुमारे २६.८ कोटी नोंदी आणि केवळ त्यांच्यासाठी १६ जीबी जागा असा हिशोब होतो. पूर्वी या सगळ्या नोंदी बूटच्या आरंभी एकटा प्रोसेसर एकामागून एक भरत बसे, कारण उरलेले प्रोसेसर तेव्हा जागेही झालेले नसत.

२०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत मेल गोर्मन यांच्या कामातून आलेला डिफर्ड स्ट्रक्ट पेज इनिट हा पर्याय सुरुवातीला गरजेपुरत्याच नोंदी भरतो आणि उरलेले काम प्रोसेसर जागे झाल्यावर प्रत्येक नुमा नोडसाठी (मेमरी आणि तिच्या जवळचे प्रोसेसर यांच्या गटासाठी) एक याप्रमाणे समांतर चालणाऱ्या थ्रेड्सकडे सोपवतो. नाव मात्र थोडे फसवे आहे. काम बूटनंतरवर ढकलले जात असेल, असा माझाही आधी समज होता. प्रत्यक्षात सर्व थ्रेड संपेपर्यंत कर्नल थांबतो आणि मगच पुढे सरकतो. हे थांबणे अनाठायी नाही, कारण त्याशिवाय २४ टीबीच्या यंत्रांवर बूट चालू असतानाच मेमरी अपुरी पडल्याची तक्रार आली होती.

माझ्या मते या सोयीला खरी धार आली ती २०२० च्या ५.८ आवृत्तीत. त्याआधी एका नोडला एकच थ्रेड मिळत असल्यामुळे एकाच नोडच्या मोठ्या व्हर्च्युअल मशीनला वाटून घ्यायला कोणी नव्हतेच. ओरॅकलच्या डॅनियल जॉर्डन यांनी पडाटा ही कर्नलमधली काम वाटून देणारी यंत्रणा वापरून एका नोडचे काम त्याच नोडच्या अनेक प्रोसेसरांत विभागले. एक्स८६ वर त्याचा किमान तुकडा १२८ एमबी मेमरीचा असतो. बूटनंतर डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या संदेशांची यादी, चाळली की प्रत्येक नोडच्या नोंदी किती मिलिसेकंदांत भरल्या हे सांगणारी ओळ सापडते आणि वेगळे मोजमाप करावे लागत नाही.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. थंड अवस्थेतून सुरू होणाऱ्या सर्व्हरवर फर्मवेअरची मेमरी तपासणीच इतकी रेंगाळते की कर्नलने वाचवलेले सेकंद कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. चालू कर्नलमधूनच थेट नवा कर्नल सुरू करणाऱ्या केएक्सेकने फर्मवेअर वगळून रीबूट केल्यावर फरक दिसतो. ८ जीबीच्या लॅपटॉपवर नोंदी जेमतेम २१ लाख, तेव्हा तिथे याचा विचारही करू नये.

हा पर्याय मूळ कर्नलमध्ये आपोआप चालू नसतो. आम्ही भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या एका सर्व्हरवर पुरवठादाराने स्वतःचा कर्नल बांधून दिला होता. त्याचे रीबूट का लांबते हे शोधण्यात माझी एक दुपार गेली आणि शेवटी बूट डिरेक्टरीतल्या कॉन्फिग फाइलमध्ये हीच ओळ बंद असल्याचे आढळले.