एक्स-रेत सात, पुस्तकात आठ

आमच्या खिडकीच्या काचेवर नऊ महिन्यांपासून एक एक्स-रे चिकटवलेला आहे. लेकीच्या डाव्या मनगटाचा. जूनमध्ये सोसायटीच्या फाटकापाशी सायकलवरून पडली आणि पडताना हात टेकला. हाड पुरतं मोडलं नव्हतं. ओली फांदी वाकवली की एका अंगाने तडकते आणि दुसऱ्या अंगाने नुसती वाकते, तसं झालं होतं. चार आठवडे प्लास्टर होतं. ते निघालं, पण त्या चार आठवड्यांत सुरू झालेले प्रश्न अजून चालूच आहेत आणि त्यांच्यापायी घरात शरीराच्या पुस्तकांचा ढीग झाला आहे. भिशीत दोघीतिघींनी विचारलं, कुठलं घेऊ? तोंडी सांगून भागेना, म्हणून सविस्तर लिहिते. लेक सात वर्षांची, राहणं बडोद्याला, शाळा इंग्रजी, मैत्रिणी गुजराती, घर मराठी.

पहिलं पुस्तक घाईत घेतलं. मॉलमधला जाडजूड, चकचकीत, परदेशी चित्रकोश, हजाराच्या वर किंमत. प्लास्टर असताना एका हाताने पानं उलटता येतील असं काहीतरी हवं होतं आणि त्या कामाला ते उत्तम ठरलं. चित्रं बघून मीसुद्धा थक्क झाले. पण त्यातला माणूस म्हणजे तालमीतला पैलवान. मुलांचं पुस्तक, आणि त्यात मूल शोधून सापडत नाही. हे माझ्या लक्षात आलंच नसतं. ते लेकीच्या लक्षात आलं.

पुस्तकात लिहिलं होतं, मनगटात आठ हाडं असतात. ही पेन्सिल घेऊन खिडकीपाशी उभी. एक्स-रेवर एकेक ठिपका मोजला. सात. परत मोजले. सातच. "आई, माझं एक हाड पडलं ने तिकडे, फाटकापाशी?" आधी हसू आलं, मग मीही मोजले. सातच भरले. पुस्तकाची सगळी पानं चाळली, कुठे काही नाही. शेवटी प्लास्टर काढायला गेलो तेव्हा तिनेच हाडाच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि दहा मिनिटं समजावलं. बाहेर रांग होती, तरी. आठवं हाड वाटाण्याएवढं असतं आणि या वयात ते अजून कूर्चाच असतं, म्हणजे कानाच्या वरच्या कडेसारखं लवचीक. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. नऊ-दहा वर्षांची झाली की दिसेल. हाडाच्या टोकाशी जी काळी फट दिसत होती आणि जिला ती "इथे पण मोडलंय" म्हणत होती, तीही कूर्चाच. हाड लांबीला वाढतं ते तिथूनच.

त्या दिवसापासून माझी पुस्तकाची परीक्षा बदलली. मुलाला स्वतःच्या अंगावर ताडून बघता येत नसेल, तर चित्रं कितीही देखणी असोत, पुस्तक तीन आठवड्यांत कपाटात जातं. आमचं गेलं. मोठ्या माणसाची 206 हाडं बहुतेक सगळी पुस्तकं छापतात. जन्मलेल्या बाळात ती तीनशेच्या आसपास असतात आणि पुढे जुळत जातात, हे मोजकीच सांगतात. आणि नेमकं तेच मुलांना हवं असतं. माझ्या नणंदेचं बाळ तेव्हा दोन महिन्यांचं होतं. आमच्या सासूबाई त्याची टाळू भरत होत्या. लेकीने हलकेच बोट ठेवलं, खाली धडधड लागली आणि हिने हात झटकन मागे घेतला. कवटीची हाडं अजून जुळलेली नाहीत म्हणून तिथे मऊ लागतं, हे तिला एका क्षणात कळलं. असं पान एकाही पुस्तकात नव्हतं.

चित्रकोशाची आणखी एक तक्रार. शिरा निळ्या आणि धमन्या लाल रंगवायची पद्धत आहे, रक्त निळं नसतं, हे एका ओळीत सांगायला काय हरकत होती? गुडघा खरचटला तेव्हा ही "निळं कधी येणार" म्हणून वाट बघत बसली होती. शिरांमधलं रक्तही लालच असतं, फक्त गडद. तसंच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या फोटोंचं. त्यांना मुळात रंगच नसतो, नंतर भरतात. आमच्याकडे बरेच दिवस पांढऱ्या पेशी जांभळ्या होत्या.

खिडक्या उघडायचं पुस्तक, म्हणजे कातडी उचलली की बरगड्या, बरगड्या उचलल्या की फुप्फुसं, हे तीनशेच्या आत मिळतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला द्या. आमच्याकडे पंधरा दिवसांत यकृताची खिडकी फाटली. आता नणंदेच्या बाळासाठी चिकटपट्टी लावून ठेवलं आहे.

तिसरं मात्र लॉटरी लागल्यासारखं मिळालं. मेडिकल कॉलेजच्या बाजूला जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडे पारदर्शक पानांचं एक पुस्तक होतं. प्रत्येक पारदर्शक पानावर एक थर छापलेला. एक पान उलटलं की एक थर कमी होतो आणि पलीकडून बघितलं तर तोच अवयव पाठीकडून दिसतो. मूत्रपिंडं पोटाच्या पार मागे, पाठीला लागून असतात आणि उजवं जरा खाली असतं कारण वर यकृत बसलेलं आहे, हे सपाट चित्रात कळतच नाही. इथे कळलं. कोपरे पिवळे पडलेले आणि आत कुणा विद्यार्थ्याच्या चहाच्या कपाचा गोल डाग, तरी दोनशे रुपये वसूल.

एक घोळ सगळ्याच पुस्तकांत आहे, तो आधीच सांगून ठेवते. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. यकृत उजवीकडे असतं असं वाचायचं आणि चित्रात ते डावीकडे बघायचं, याने मुलं हमखास गोंधळतात. मी आरसा वगैरे आणून समजावत बसले होते. लेकीने सरळ पुस्तक उघडं करून स्वतःच्या पोटावर धरलं, चित्र बाहेरच्या बाजूला, आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "आता बघा, बरोबर आलं ने?" आलं. आता कुठलंही नवं पुस्तक आलं की आधी पोटावर लावलं जातं.

मराठी पुस्तकांबद्दल लिहिताना वाईट वाटतं. ज्या बडोद्यात सयाजीरावांनी मुलांसाठी बालज्ञानमाला काढली, 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, त्या बडोद्यात आज सात वर्षांच्या मुलीसाठी शरीरावरचं एक धड मराठी पुस्तक घ्यायला पुण्याच्या मावसभावाला अप्पा बळवंत चौकात पाठवावं लागलं. त्याने दोन आणली. एक बरं होतं, पण चित्रं काळपट छापलेली. दुसऱ्याचा प्रवास इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत झालेला दिसत होता. स्वादुपिंडाला अग्न्याशय म्हटलेलं, चेतांना, म्हणजे मज्जातंतूंना, तंत्रिका. गंमत म्हणजे स्वादुपिंड, स्नायू आणि चेता हे शब्द गुजरातीतही तेच आहेत. लेकीच्या शेजारच्या मैत्रिणीला ते शाळेच्या पुस्तकामुळे ठाऊक होते आणि आमच्या मराठी पुस्तकाला नव्हते!

मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातही गेलो. शरीरावर हवं तसं काही हाती लागलं नाही, एक आरोग्याचं जुनं, मुखपृष्ठ गेलेलं पुस्तक तेवढं चाळलं. पण फेरी फुकट गेली नाही. पुस्तकांच्या मजल्यांना तिथे काचेची जमीन आहे, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. लेक खाली उभी राहून वर बघत म्हणाली, "आपल्या पारदर्शक पुस्तकासारखं आहे."

फुकटातला उपाय म्हणजे बालभारतीची आठवी ते दहावीची मराठी माध्यमाची विज्ञानाची पुस्तकं, त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. मुलाच्या हातात देण्यासाठी नव्हे, आपल्यासाठी. मराठी शब्द कुठला हे बघायचं असेल तर तिथे बघावं. कानातल्या तीन चिमुकल्या हाडांना हातोडी, ऐरण आणि रिकीब म्हणतात, हे मी शाळेत शिकून विसरले होते. रिकीब शरीरातलं सगळ्यात लहान हाड, साधारण तीन मिलिमीटर. लेकीने तांदळाचा दाणा पट्टीशेजारी ठेवून मापलं, तर दाणाच मोठा.

आता ज्याची शिफारस करणार आहे ते. मेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी असतं ते रंगवायचं शरीरशास्त्राचं पुस्तक. नुसत्या काळ्या रेषा, भागाचं नाव ज्या रंगाने रंगवायचं त्याच रंगाने तो भाग रंगवायचा. सात वर्षांच्या मुलीला हे जड जाईल असं हिचे बाबा म्हणत होते. मजकूर जड आहेच, तो आम्ही वाचतच नाही. पण रंगवताना बघावं लागतं. चित्रकोशात कवटी एका नजरेत संपायची. इथे तिची बावीस हाडं रंगवायला तीन रविवार लागले आणि तिसऱ्या रविवारी ती स्वतःच्या गालावर बोट फिरवून "हे इथे संपतं" म्हणत होती. डाव्या फुप्फुसाचे दोन भाग आणि उजव्याचे तीन, हेही रंग कमी पडले म्हणून लक्षात आलं. तेव्हापासून दुकानात कुठलंही पुस्तक उचललं की मी आधी फुप्फुसं बघते. दोन्ही सारखी काढलेली असतील तर परत ठेवते. हृदय पार डावीकडे सरकवलेलं असेल तरी तेच. ते छातीच्या मधोमध असतं, टोक तेवढं डावीकडे कललेलं.

नावं इंग्रजी असल्यामुळे मी पेन्सिलने शेजारी आपली नावं लिहीत गेले. नडगी, खुबा, गुडघ्याची वाटी, माकडहाड. माकडहाडावर अर्धा तास हसणं झालं आणि ते नाव जन्मभर विसरणार नाही. फक्त काळीज या शब्दाने घात केला. गाण्यात काळीज म्हणजे हृदय, आणि रविवारी मटण आलं की सासूबाई म्हणणार, "काळीज वेगळं काढ, ते लवकर शिजतं." लेक पातेल्यात डोकावून म्हणाली, "हे तर लिव्हर आहे." सासूबाई म्हणाल्या, "लिव्हर तुझं. बकऱ्याचं काळीजच." मी त्यात पडले नाही.

जुन्या पुस्तकवाल्याने मला ग्रे यांचा शरीररचनेवरचा प्रसिद्ध ग्रंथही दाखवला होता. विकत घेऊ नका, मुलाला उचलतही नाही. पण त्याच्या 1918 च्या अमेरिकी आवृत्तीचे हक्क संपलेले आहेत, ती इंटरनेटवर फुकट आहे. त्यातलं हाताचं आणि मांडीच्या हाडाचं पान छापून घ्या. 1858 च्या पहिल्या आवृत्तीची चित्रं हेन्री कार्टर यांची. अक्षरं टाकून खाली यादी देण्याऐवजी त्यांनी नाव थेट हाडावरच लिहिलं, त्यामुळे मुलाचं बोट आणि डोळा एकाच जागी राहतो. हे कार्टर पुढे मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होते.

एक अडचणीची गोष्ट. मुलांच्या बहुतेक पुस्तकांची गाडी मूत्राशयापर्यंत येते आणि थांबते. पुढे कोरं. लेकीने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मग शू कुठून येते, हे का नाही दाखवलं?" आणि नणंदेचं बाळ घरात असल्यामुळे पुढचा प्रश्नही आलाच. मी रंगवायच्या पुस्तकातलं पान उघडलं, खरी नावं सांगितली, दोन मिनिटांत विषय संपला आणि ती खेळायला गेली. आत्याबाईंना आवडलं नाही. नाही तर नाही.

"बसइतकं लांब", "हत्तीइतकं जड" अशा उपमांनी पुस्तकं भरलेली असतात, त्यांचं मुलांना काही होत नाही. लहान आतडं साधारण सहा मीटर, मोठं दीड मीटर, हे वाचून सासूबाईंनी स्वतःहून ट्रंकेतलं जुनं नऊवारी काढलं. ते सव्वाआठ मीटर भरतं. व्हरांड्यात पसरलं, खडूने साडेसात मीटरवर खूण केली. एवढं पोटात मावतं कसं? सासूबाईंनी उभ्या उभ्या निऱ्या घातल्या. कमरेशी मूठभर, खाली घेर. खरोखर तसंच आहे. लहान आतडं ज्या पातळ पडद्याने पाठीला धरलेलं असतं, तो पाठीशी जेमतेम वीतभर असतो आणि दुसऱ्या टोकाला सहा मीटर पसरतो. हे मला रंगवायच्या पुस्तकात दोनदा वाचून कळलं नव्हतं.

कमाटी बागेच्या संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडाही पुस्तकाइतकाच उपयोगी पडला. सत्तर फुटी धूड, सगळी मुलं ममी बघायला धावतात. आम्ही त्याच्या वल्ह्यापाशी थांबलो. आपल्या दंडाचंच हाड, फक्त आखूड आणि जाड. लेकीने तिथे मनगट शोधलं.

हिशेब असा, की रंगवायचं पुस्तक आठवड्यातून दोनदा निघतं, पारदर्शक पानांचं महिन्यातून एकदा, चित्रकोश पाहुणे आले की. रंगवायचं मूळ पुस्तक एकदाच वापरता येतं, म्हणून आवडत्या पानांच्या झेरॉक्स आधीच काढून ठेवा आणि जाड कागदावर काढा, स्केचपेन पातळ कागदाच्या आरपार जातं. मनगटाचं पान तिने झेरॉक्सवर नाही, मूळ पुस्तकातच केलं आहे. सात हाडं सात रंगांची. आठवं, वाटाण्याएवढं, कोरं. बाजूला तिच्या अक्षरात लिहिलं आहे, "आलं की." हिरवी पेन्सिल त्यासाठी वेगळी ठेवलेली आहे, ती दुसऱ्या कुणी घ्यायची नाही.