मुलाचं पोर्ट्रेट स्पर्धेला पाठवायचंय: मतांच्या स्पर्धेत की परीक्षकांच्या?

छायाचित्र स्पर्धा ढोबळमानाने दोन जातीच्या. एकीत लोक मतं देतात, दुसरीत परीक्षक गुण देतात. आधी फोटो निवडून मग स्पर्धा शोधणारे बरेच जण इथेच चुकतात, कारण एकीकडे जिंकणारा फोटो दुसरीकडे पहिल्या फेरीतच बाद होतो.

मतांच्या स्पर्धेत भाग घेणं सोपं असतं. फोटो चढवायचा, मुलाचं नाव आणि वय भरायचं, मिळालेली लिंक ओळखीपाळखीत फिरवायची. पण निकाल मुख्यतः तुमच्या ओळखी किती यावर लागतो. दिवसाला एक मत असा नियम असला, तर शेवटच्या आठवड्यात रोज सगळ्या नातेवाइकांच्या मागे लागावं लागतं. पैसे भरून जादा मतं घेता येत असतील तर तिथे फोटो देऊच नये. ती स्पर्धा फोटोंची राहिलेली नसते. याहून मोठी अडचण अशी की मुलाचा चेहरा, नाव, वय आणि कधी कधी गावही एकाच पानावर येतं, आणि लिंक जितकी फिरेल तितकं ते अनोळखी लोकांपर्यंत जातं. घरच्यांची हौस एवढाच हेतू असेल तर भाग घ्यावा, पण आडनाव आणि गाव न देता.

परीक्षकांच्या स्पर्धेत नावं झाकलेली असतात. फोटो पडद्यावर येतो, काही सेकंद राहतो, गुण पडतात. म्हणून कोपऱ्यात सही किंवा वॉटरमार्क असला की प्रवेशिका बाद होऊ शकते. विभागही नीट पाहावा लागतो. फियाप ही १९५० साली स्थापन झालेली छायाचित्रकार संघटनांची आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या व्याख्येप्रमाणे पूर्ण फोटोला एकच रंगछटा दिली तरी तो मोनोक्रोम म्हणजे एकरंगी राहतो, पण कृष्णधवल फोटोत मुलाच्या हातातला फुगा तेवढा लाल ठेवला की तो रंगीत विभागात जातो. या स्पर्धांना बहुतेकदा शुल्क असतं, आणि फोटो का नाकारला हे सहसा कळत नाही. तरीही मुलाच्या पोर्ट्रेटसाठी आमचं मत याच बाजूला आहे: इथे फोटो पाहिला जातो.

नियमावलीतलं हक्कांचं कलम मात्र दोन्हीकडे शब्दन् शब्द वाचा. ‘या स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी, छायाचित्रकाराच्या नावासह’ असं लिहिलेलं असेल तर ठीक. ‘कायमस्वरूपी, रद्द न करता येणारा, इतरांना देता येणारा परवाना’ अशी भाषा असेल तर तुमच्या मुलाचा चेहरा उद्या कुठल्या जाहिरातीत दिसेल यावर तुमचा ताबा उरत नाही. बक्षीस कितीही मोठं असलं तरी असली स्पर्धा सोडून द्यावी. फोटो स्टुडिओत काढलेला असेल तर छायाचित्रकाराची लेखी परवानगी घ्या. मूल दुसऱ्याचं असेल तर पालकांचं संमतीपत्र घ्या आणि त्यात स्पर्धेचं नाव लिहा.

<b>कोणता फोटो कुठे</b>

मतं देणारे फोनवर बोटाएवढा फोटो पाहतात. तिथे चेहरा मोठा, डोळे कॅमेऱ्याकडे, हसू मोकळं आणि पार्श्वभूमी साधी हवी. परीक्षकांनी तसली हसू त्याच दिवशी ढिगाने पाहिलेली असतात. त्यांना थांबवतो तो मूल कशात तरी गढलेलं असतानाचा क्षण: बुटाची नाडी बांधताना ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेलं जिभेचं टोक, किंवा रडणं थांबल्यावर पापणीवर अडकलेला थेंब. ‘इकडे बघ, हस’ म्हटलं की हे सगळं जातं.

उजेड दोन्हीकडे तोच चालतो. ऊन थेट येत नाही अशी खिडकी, तिच्यापासून साधारण एक मीटरवर मूल, चेहरा खिडकीकडे अर्धा वळलेला. सावलीच्या बाजूला पांढरा कार्डशीट धरला की गालावरचा काळोख निवळतो. घरातले दिवे बंद करा, नाहीतर चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी येते. बुबुळात खिडकीचं छोटं प्रतिबिंब दिसायलाच हवं. ते नसलं की डोळे मेलेले वाटतात.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते फोकसमुळे. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, एफ १.८ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं) आणि दीड मीटर अंतर असेल तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम ३ सेंटिमीटर असते. मान किंचित वळली की दुसरा डोळा धूसर, मूल पुढे झुकलं की दोन्ही. एफ ४ वर ती खोली सात सेंटिमीटरच्या वर जाते, म्हणून तिथून सुरुवात करा आणि फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवा. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० करावा लागला तर करा. थोडे दाणे चालतात, हललेला डोळा चालत नाही.

फोनवर काढत असाल तर मुख्य लेन्स तोंडाजवळ नेऊ नका, नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दीड मीटर मागे सरून दुप्पट झूम वापरा. पोर्ट्रेट मोडमध्ये भुरभुरणारे केस कापल्यासारखे दिसतात, आणि ब्युटी फिल्टरने गुळगुळीत झालेली त्वचा परीक्षक लगेच ओळखतात. दोन्ही बंद ठेवा.

पाठवण्याआधी फाइल तपासा. ८ बाय १० इंचांच्या चांगल्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा क्रॉप केला तर २००० बाय १५०० च उरतात. रंग एसआरजीबीमध्ये (पडद्यांसाठीच्या सर्वसाधारण रंगपद्धतीत) ठेवा, नाहीतर अनेक पडद्यांवर त्वचा फिकी दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेली प्रत लहान झालेली असते, ती चढवू नका. फाइलमधली जागेची माहिती काढून टाका, फोनचा फोटो घरीच काढला असेल तर त्यात घराचा ठावठिकाणा असू शकतो. आणि हे सगळं प्रतीवर करा. शेवटच्या फेरीत मूळ फाइल मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर निवडलेला फोटोही बाद होऊ शकतो.