फायब्रोस्कॅन उत्तम, आहारतक्ता मात्र दिवसपाळीचा

गेली सहा वर्षे मी हिंजवडीत रात्रपाळी करतो. पहाटे पाचला घरी पोहोचल्यावर झोप यावी म्हणून दोन पेग घेण्याची सवय कधी जडली, ते आता आठवत नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीवर ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ असा शेरा आला, म्हणून पुण्यातील एका खासगी केंद्रात फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा आणि चरबी बाहेरूनच मोजणारी तपासणी, करून घेतला. त्या सेवेविषयी हा अभिप्राय.

तपासणीला नाव ठेवायला जागा नाही. किमान तीन तास उपाशी राहावे लागते. सकाळी सातची वेळ मिळाल्याने पाळी संपवून थेट जाता आले. उजवा हात डोक्यामागे घेऊन उताणे झोपायचे, बरगड्यांच्या मधल्या जागेत जेल लावतात आणि प्रोब टिचकी मारल्यासारखे ठोके देतो. दहा मापांचे मध्यमूल्य अहवालात येते: कडकपणा ५.८ किलोपास्कल, चरबीचा सीएपी २९४. पहिला आकडा यकृतातील व्रणांचा आणि दुसरा चरबीचा अंदाज देतो, हे तंत्रज्ञाने न विचारता समजावले. चरबी बरीच असली तरी यकृत अजून कडक झालेले नाही, एवढा दिलासा ‘ग्रेड २’ या मोघम शब्दातून मिळाला नसता.

निराशा झाली ती याच शुल्कात मिळणाऱ्या समुपदेशनात. अर्जावर ‘मद्यपान: होय / नाही / कधीतरी’ एवढेच, किती आणि केव्हा, हे कोणी विचारले नाही. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या साठ मिलीच्या पेगात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, हा हिशेब मी घरी येऊन केला. वेळेचा मुद्दा तर त्याहून महत्त्वाचा. शरीराला दिवस-रात्रीची लय देणारे मेंदूतील मुख्य घड्याळ उजेडावर चालते, तर यकृताचे घड्याळ बरेचसे जेवणाच्या वेळांवर, आणि चरबी केव्हा साठवायची व केव्हा जाळायची हे त्याच्याशी बांधलेले असते. अल्कोहोलचा निचरा चालू असेपर्यंत यकृत चरबी जाळण्याचे काम मागे ठेवते. शिवाय मद्याने यकृताच्या घड्याळाची लयही बिघडते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे मध्यरात्री दोनला कॅन्टीनचे जेवण, पहाटे पेग आणि फरसाण, मग पडदे ओढून झोप, असा माझा दिनक्रम हाच खरा तपासण्याचा विषय होता. शरीराच्या घड्याळाच्या यंत्रणेवरील संशोधनाला २०१७ मध्ये नोबेल मिळाले, पण केंद्राच्या छापील तक्त्यापर्यंत ती बातमी पोहोचलेली दिसत नाही: सकाळी ८ पोहे, दुपारी १ जेवण, रात्री ८ हलका आहार. “मॅडम, आठला मी झोपलेला असतो,” असे सांगितल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी ८ खोडून पेनाने ९ केले.

मद्य पूर्ण बंद करून तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करा, हा तेथील डॉक्टरांचा सल्ला मात्र स्पष्ट होता. अहवालही अर्ध्या तासात हातात पडला. फेरतपासणीला याच केंद्रात जाईन. तेव्हा तक्ता कोरा मागून घेणार आहे.