डिफरन्शियल इक्वेशन्सचा कोर्स: निकालानंतर काही महिन्यांनी

सेमिस्टर संपून, निकाल लागून आता काही महिने झालेत. परीक्षेच्या धामधुमीत लिहिलं असतं तर नुसता सुटकेचा सुस्कारा उतरला असता, म्हणून मुद्दाम थांबले. मधल्या काळात कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरमध्ये आणि एका सिम्युलेशनच्या प्रोजेक्टमध्ये हाच विषय पुन्हा पुन्हा समोर आला. त्यामुळे त्यातलं काय टिकलं आणि काय पेपर देऊन आल्यावर विरून गेलं, हे आता नीट सांगता येईल.

मत आधीच सांगते. कोर्स जरूर घ्या, पण तो ज्या क्रमाने शिकवला जातो त्या क्रमावर विसंबून राहू नका. डिफरन्शियल इक्वेशन म्हणजे एखादी राशी कशी बदलते ते सांगणारं समीकरण, आणि ते सोडवण्याआधी वाचता येणं हा या विषयाचा गाभा आहे. उकल कुठे वाढेल, कुठे स्थिरावेल, कुठे हाताबाहेर जाईल, हे सूत्र हातात नसतानाही बरंचसं सांगता येतं. आमच्या अभ्यासक्रमात हा भाग अगदी शेवटी आला, तोही घाईत. तो पहिल्या आठवड्यात असायला हवा होता असं मला आजही ठामपणे वाटतं.

सुरुवात होते ती पद्धतींच्या रांगेने: सेपरेबल, लिनिअर, एक्झॅक्ट, होमोजिनिअस, बर्नुली. समीकरण दिसलं की प्रकार ओळखायचा, ठरलेली पायरी लावायची, इंटिग्रेशन करायचं. मार्क मिळवायला हा भाग सगळ्यात सोपा. या यादीतलं आजही रोजच्या कामात येतं ते दोनच गोष्टींपुरतं: व्हेरिएबल वेगळे करणं आणि इंटिग्रेटिंग फॅक्टर. बाकीच्यांची नंतर मला एकदाही गरज पडली नाही. इंटिग्रेटिंग फॅक्टरचं सूत्र मात्र पाठ करू नका. डावी बाजू एखाद्या गुणाकाराचा डेरिव्हेटिव्ह व्हावी म्हणून समीकरणाला कशाने गुणावं, एवढाच त्यामागचा प्रश्न आहे. तो स्वतःला विचारला की सूत्र दोन ओळींत हाती येतं आणि जन्मभर विसरत नाही.

वाचणं म्हणजे नेमकं काय, ते लोकसंख्यावाढीच्या समीकरणावर छान दिसतं. हे मॉडेल व्हेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने १८३८ मध्ये मांडलं. वाय म्हणजे लोकसंख्या आणि वाय′ म्हणजे तिच्या बदलाचा वेग. एकके सोयीची घेतली तर ते असं होतं: वाय′ = वाय(१ − वाय). वर्गात ते पार्शल फ्रॅक्शन्सने सोडवलं, अर्धं पान भरलं आणि पुढे गेलो. पण उजव्या बाजूकडे नुसतं बघा. वाय शून्य असो वा एक, बदल शून्य, म्हणजे त्या दोन स्थिर पातळ्या. मधल्या पट्ट्यात उजवी बाजू धन, म्हणून वाय वाढतो. एकच्या वर ती ऋण, म्हणून घटतो. म्हणजे एक ही पातळी उकलींना स्वतःकडे ओढते आणि शून्य ही दूर ढकलते. आता लोकसंख्या कितीही असली तरी सतत एकाच ठरावीक वेगाने कापणी होते असं धरून उजव्या बाजूतून एच वजा करा. एच वाढत गेला तशा दोन्ही पातळ्या जवळ सरकतात, एच पाव झाला की एकमेकींत मिसळतात आणि त्यापुढे एकही उरत नाही. सुरुवातीला संख्या कितीही असो, ती संपणारच. मासेमारीची मर्यादा कुठे घालावी या प्रश्नाचं हे मूळ आहे, आणि यासाठी एकही इंटिग्रल करावा लागला नाही.

ज्या प्रमेयाला वर्गात सगळे कंटाळतात ते इथेच उपयोगी पडतं. पिकार-लिंडेलोफचं प्रमेय सांगतं की उजवी बाजू पुरेशी सुरळीत असेल तर दिलेल्या बिंदूतून एकच उकल जाते. म्हणजे दोन उकली एकमेकींना छेदू शकत नाहीत. शून्य आणि एकच्या मध्ये सुरू झालेली उकल त्या पट्ट्यात कायमची अडकते ती याच प्रमेयामुळे. आम्हाला हे प्रमेय दोन मार्कांची व्याख्या म्हणून शिकवलं गेलं, याचं वाईट वाटतं.

दुसऱ्या ऑर्डरची समीकरणं हा माझ्या मते कोर्समधला सगळ्यात चांगला भाग. स्प्रिंगला टांगलेलं वजन आणि आरएलसी सर्किट (रेझिस्टर, इंडक्टर आणि कपॅसिटर असलेलं) यांचं समीकरण एकाच साच्याचं निघतं. उकल एक्स्पोनेन्शिअल धरली की जे साधं वर्गसमीकरण उरतं ते कॅरॅक्टरिस्टिक समीकरण. त्याची मुळं कॉम्प्लेक्स आली की हेलकावे, वास्तव आली की हेलकाव्यांशिवाय विरणं. इथे एका नियमाशी जरा थांबा. अनडिटरमाइन्ड कोएफिशंट्समध्ये, म्हणजे उकलीचा अंदाज बांधून त्यातले सहगुणक काढण्याच्या पद्धतीत, सांगतात की तुमचा अंदाज बाहेरचं बल नसतानाच्या उकलीशी जुळत असेल तर त्याला टीने, म्हणजे वेळेने, गुणा. का गुणा, ते बहुधा सांगत नाहीत. एक्स″ + ४ एक्स = कॉस २टी हे समीकरण घ्या. बाहेरून लावलेलं बल आणि स्प्रिंगची स्वतःची लय इथे सारखीच आहे. आता बलाची लय दोनऐवजी दोनच्या जवळची ओमेगा धरा आणि वजन स्थिर ठेवून सुरुवात करा. उत्तर येतं: कॉस ओमेगा टी वजा कॉस २टी, भागिले (४ − ओमेगाचा वर्ग). ओमेगा दोनकडे नेला तर वरही शून्य, खालीही शून्य. लिमिट काढलं की टी भागिले ४ गुणिले साइन २टी उरतं. तो टी आकाशातून पडत नाही, लिमिटमधून येतो. वाढत जाणारा हेलकावा, म्हणजेच रेझोनन्स, त्या एका अक्षरात आहे. ओमेगा दोनच्या जवळ पण वेगळा असेल तर हेलकावे फुगतात, ओसरतात, पुन्हा फुगतात, ते बीट्स. हे मी एका संध्याकाळी कागदावर करून पाहिलं आणि तो अख्खा धडा एका सूत्रात बांधला गेला.

लाप्लास ट्रान्सफॉर्मबद्दल, म्हणजे डिफरन्शियल समीकरणाचं साध्या बीजगणितात रूपांतर करणाऱ्या पद्धतीबद्दल, थोडक्यात. कोर्समध्ये तो तक्ते आणि पार्शल फ्रॅक्शन्सचा डोंगर वाटतो. कंट्रोल सिस्टिम्समध्ये गेल्यावर मात्र तोच रोजचा सोबती होतो. स्विच अचानक चालू होणं, क्षणभराचा धक्का बसणं, या गोष्टी त्याच्याइतक्या सहज दुसरीकडे हाताळता येत नाहीत. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांनी हा भाग वरवर सोडू नये. सीरिज सोल्यूशन्स (उकल अनंत बेरजेच्या रूपात शोधणं), त्यातली फ्रोबेनियसची पद्धत आणि तिथून येणारी बेसेल फंक्शन्स हा भाग आमच्याकडे घाईने उरकला गेला. गोल पडद्याची कंपनं अभ्यासायची वेळ येईपर्यंत त्याची गरज कळत नाही.

न्यूमरिकल पद्धतींना, म्हणजे सूत्राऐवजी आकड्यांनी अंदाजे उकल काढण्याला, आमच्या कोर्समध्ये जेमतेम दोन तास मिळाले, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. वाय′ = एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग हे समीकरण पाहा. दिसायला किती साधं! पण ओळखीच्या फंक्शन्सची बेरीज, गुणाकार, इंटिग्रल काहीही करून त्याची उकल मिळत नाही, हे लिउव्हिलने १८४१ मध्येच दाखवलं. शून्यात शून्यापासून सुरुवात करा आणि ऑयलरच्या पद्धतीने, म्हणजे दर वेळी त्या बिंदूवरच्या चढाने सरळ पुढे जात, ०.५ ची पावलं टाका. एक्स १ ला पोचेपर्यंत वाय ०.१२५ येतो, १.५ ला ०.६३, २ ला १.९६ आणि २.५ ला साधारण ५.९. आकडे सभ्य दिसतात. प्रत्यक्षात १ पाशीच खरी किंमत ०.३५ आहे, २ पाशी ती तीनशेच्या वर गेलेली असते आणि २.००३ च्या आसपास उकल अनंताला जाते. म्हणजे २.५ पाशी ही उकल अस्तित्वातच नाही, तरी पद्धत आपली ५.९ सांगून मोकळी होते. उजवी बाजू नीट वाचली तर धोका आधीच दिसतो: वायचा वर्ग वाढीला खतपाणी घालतो, आणि असं समीकरण मर्यादित अंतरातच फुटू शकतं. ज्याला पुढे संगणकावर काम करायचं आहे त्याला हे एक उदाहरण दहा सूत्रांपेक्षा जास्त शिकवेल.

प्रोजेक्टमध्ये याचीच दुसरी बाजू भेटली. वाय′ = −१००० वाय सारखा एखादा झपाट्याने विरणारा घटक सिस्टिममध्ये असला की ऑयलरचं पाऊल ०.००२ पेक्षा लहान ठेवावं लागतं, नाहीतर उत्तर उड्या मारत भरकटतं. तो घटक केव्हाच विरून गेलेला असला तरीही! अशा समीकरणांना स्टिफ म्हणतात, आणि त्यांच्यासाठी वेगळे सॉल्व्हर असतात. हे माहीत असल्यामुळे आमच्या गटाचे कित्येक तास वाचले.

शेवटचा भाग सिस्टिम्सचा: दोन समीकरणं एकत्र, मॅट्रिक्स, आयगनव्हॅल्यू (मॅट्रिक्सच्या खास दिशांमध्ये उकल किती वेगाने वाढते वा विरते ते सांगणारे आकडे), फेज प्लेन (दोन्ही राशी अक्षांवर घेऊन काढलेलं उकलींचं चित्र). सूत्र शोधण्याऐवजी उकलींचा आकार अभ्यासायचा, हा विचार पॉँकारे या फ्रेंच गणितज्ञाने १८८१ पासूनच्या लेखांमधून उभा केला. आयगनव्हॅल्यूंचे वास्तव भाग ऋण असतील तर सगळ्या वाटा मध्याकडे येतात, एक धन आणि एक ऋण असेल तर सॅडल, म्हणजे एका दिशेने वाटा आत येतात आणि दुसरीने दूर जातात. पण लिनिअर अल्जेब्रा आधी झालेला नसेल तर हा भाग डोक्यावरून जातो. माझ्या वर्गातल्या अनेकांचं तसंच झालं, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. दोन्ही कोर्स एकाच सेमिस्टरमध्ये ठेवले होते आणि आयगनव्हॅल्यू इथे आधी लागल्या, तिथे नंतर शिकवल्या गेल्या.

तयारी किती हवी? इंटिग्रेशन बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन्स हात न अडखळता यायला हवेत, कॉम्प्लेक्स एक्स्पोनेन्शिअल म्हणजे साइन आणि कॉसच हे पटलेलं हवं. एवढं पक्कं असेल तर अवघड काही नाही, वेळखाऊ मात्र आहे. गणितं रोज थोडी सोडवावी लागतात, आठवडाभराची एका दिवशी होत नाहीत.

या विषयाची एक मोठी सोय आहे, तिचा फायदा घ्या. इथे उत्तराचा ताळा लगेच पाहता येतो. आलेली उकल डेरिव्हेटिव्ह घेऊन मूळ समीकरणात घाला, सुरुवातीची अट तपासा, दोन मिनिटांत खरं-खोटं कळतं. मागची उत्तरं पाहायची गरजच राहत नाही. आणि प्रत्येक गणित हातात घेण्याआधी डायरेक्शन फील्डचं, म्हणजे ठिकठिकाणी उकलीचा चढ दाखवणाऱ्या छोट्या रेघांचं, कच्चं चित्र काढा. सूत्रातून आलेलं उत्तर त्या चित्राशी जुळलं नाही तर कुठेतरी चिन्ह चुकलंय.

तुमच्या कॉलेजमध्ये दोन पर्याय असतील, एक पद्धतींवर भर देणारा आणि एक गुणात्मक विचारावर, तर कुणालाही मी दुसराच सुचवेन. त्यात राहिलेल्या पद्धती सुट्टीत एकट्याने शिकता येतात. उलट बाजूने जाणं फार जड जातं. आणि निवडीला वाव असेल तर लिनिअर अल्जेब्रा एक सेमिस्टर आधी घ्या.