गाडीवरचा पोचा: मूळ रंग राखून दुरुस्ती की डेंटिंग-पेंटिंग?

शेजारच्या गाडीचा दरवाजा आपटून पडलेला पोचा, बॉनेटवर फांदी पडल्याची खूण किंवा गारपिटीनंतर छपरावर उमटलेले असंख्य लहान खळगे दुरुस्त करण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिल्या मार्गात कारागीर पत्र्याच्या मागून सळ्या घालून किंवा समोरून गोंदाच्या साहाय्याने ओढून पत्रा पूर्ववत करतो आणि रंग आहे तसाच ठेवतो. याला पेंटलेस डेंट रिपेअर किंवा थोडक्यात पीडीआर म्हणतात. दुसरा मार्ग डेंटिंग-पेंटिंगचा आहे. त्यात पत्रा जमेल तितका वर आणून उरलेला खोलगटपणा पुट्टीने भरतात, पुट्टी घासून सपाट करतात आणि त्यावर प्राइमर (रंगाखालचा अस्तर थर), रंग व शेवटी क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, मारतात. यांपैकी एक निवडताना बहुतेक जण पोचा किती मोठा आहे एवढेच पाहतात. हा निकष बराच फसवा आहे. वीतभर पसरलेला उथळ पोचा सहज निघू शकतो, तर नखाएवढा पण टोकदार पोचा उत्तम कारागिरालाही दाद देत नाही. म्हणून आधी रंगाचा थर अखंड आहे का आणि पत्रा किती ताणला गेला आहे, या दोन गोष्टी तपासाव्यात. आकाराचा विचार त्यानंतर करावा.

मूळ रंग राखण्याला महत्त्व का?

कारखान्यात रंगकाम होते तेव्हा बॉडीवर वायरिंग, आसने किंवा प्लॅस्टिकचे भाग बसवलेले नसतात. त्यामुळे संपूर्ण बॉडी टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने तिच्यावर गंजरोधक थर चढवता येतो. हा थर कोपऱ्याकोपऱ्यांत आणि पोकळ भागांच्या आतल्या बाजूलाही पोहोचतो आणि साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअस तापमानाला भट्टीत पक्का होतो. त्यावर प्राइमर, रंग आणि क्लिअर कोट चढतात. एवढे सगळे होऊनही एकूण जाडी बहुतेक गाड्यांवर सुमारे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून थोडीच जास्त भरते.

पूर्ण जोडणी झालेली गाडी इतकी तापवणे शक्य नसते. त्यामुळे दुरुस्तीच्या रंगात हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारे रसायन, मिसळून तो साधारण ६० अंशांना सुकवला जातो. चांगल्या साहित्याने आणि रंगकामाच्या स्वच्छ, बंद खोलीत (बूथमध्ये) केलेले असे रंगकाम वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे त्याला सरसकट कमी लेखणे चुकीचे ठरेल. मात्र तळाचा कारखान्यातला गंजरोधक थर एकदा घासला गेला की त्याच पद्धतीने पुन्हा चढवता येत नाही. खोल पोचा ओढण्यासाठी पत्र्यावर खिळे वेल्डिंगने चिकटवले जातात, तेव्हा त्या उष्णतेने मागच्या बाजूचा थरही जळतो. ही मागची बाजू कोणालाही दिसत नाही. तिथे गंजरोधक फवारणी पुन्हा केली नाही, तर गंज आतून सुरू होतो आणि तो रंगावर फुगवटा येईपर्यंत लक्षात येत नाही.

पत्र्याचे वागणे

बॉडीचा पोलादी पत्रा साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाड असतो. मार बसल्यावर पोच्याचा बराचसा भाग केवळ वाकलेला असतो आणि त्याची ओढ मूळ आकाराकडेच असते. मात्र पोच्याच्या तळाशी आणि कडेच्या उंचवट्यावर पत्रा कायमचा बदललेला असतो आणि तोच बाकीच्या भागाला अडवून ठेवतो. कागद नुसता वाकवला तर तो सरळ होतो, पण घडी घालून नख फिरवले की रेघ राहते. पत्र्याचेही तसेच आहे. पीडीआरचे सगळे कौशल्य ही घडी कुठे आहे ते ओळखण्यात आणि तिच्यावरचा ताण थोडाथोडा सोडवण्यात आहे.

त्यासाठी कारागीर पत्र्यावर रेघांचे प्रतिबिंब पाडणारा दिवा लावतो. रेघा जिथे वाकड्या दिसतात तिथे पत्रा खाली किंवा वर आहे, असे तो ओळखतो. काचेच्या फटीतून, गाडीचा दिवा काढून किंवा आतले आवरण उतरवून तो सळई आत नेतो आणि तिच्या टोकाने अगदी हलके, एकाला एक लागून असे दाब देत जातो. आजूबाजूचा उंचवटा नायलॉनच्या टोकाच्या ठोकणीने खाली बसवतो. घाईत एकाच जागी जोराने दाबले, तर पुळीसारखा उंचवटा येतो आणि रंग तडकण्याचा धोका निर्माण होतो. मागून वाट नसेल तर गरम गोंदाने प्लॅस्टिकची टोपी चिकटवून पोचा बाहेर ओढतात आणि नंतर गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने सोडवतात. थंड रंग ठिसूळ असतो, म्हणून जाणकार कारागीर काम सुरू करण्यापूर्वी पत्रा गरम हवेने किंचित तापवतो. असे हळूहळू चालणारे काम पाहिले की त्याचे पैसे कशासाठी मोजायचे ते समजते.

पीडीआर कुठे थांबते

रंगाला तडा गेला असेल, पापुद्रा निघाला असेल किंवा ओरखडा धातूपर्यंत पोहोचला असेल, तर नुसत्या पीडीआरचा विचार सोडावा. पत्रा कितीही छान वर आला, तरी तड्यातून पाणी आत शिरणारच. भिंगातून आणि तिरप्या उजेडात पाहिल्यास केसाएवढे बारीक तडेही दिसतात. केवळ क्लिअर कोटमध्ये असलेला हलका ओरखडा मात्र पॉलिशने जाऊ शकतो. नख फिरवून ते अडकत नसेल तर आशा ठेवायला हरकत नाही.

पत्रा जास्त ताणला गेला असेल तर त्याचे क्षेत्रफळच वाढलेले असते, आणि वाढलेला पत्रा मूळ जागेत मावत नाही. असा भाग वर आणला तरी बोटाने दाबताच डबडब आवाज करत आत-बाहेर होतो. दरवाज्याची दुमडलेली कड, दोन पत्र्यांच्या बंद पोकळीचा भाग, छपराला आधार देणारे खांब आणि दरवाज्याखालच्या उंबऱ्याचा पट्टा या जागी सळई पोहोचत नाही किंवा पत्रा फार कडक असतो. धारदार बॉडी-रेषेवरचा, म्हणजे पत्र्यात मुद्दाम घडवलेल्या कडेवरचा, पोचा निघू शकतो, पण त्यासाठी फार अनुभवी हात लागतो. ॲल्युमिनियमच्या भागावर काम होते, पण तो धातू दाबाखाली लवकर कडक होतो आणि त्याला उष्णता देत फार सांभाळून काम करावे लागते. आपल्या गाडीचे बॉनेट कोणत्या धातूचे आहे याची शंका असेल तर चुंबक लावून पाहावे. प्लॅस्टिकच्या बंपरचा बसलेला भाग गरम करून वर आणणे हे निराळे काम आहे आणि त्याचा हिशेब यात धरू नये.

एक गोष्ट जुनी गाडी घेतलेल्यांनी विशेष लक्षात घ्यावी. त्या भागावर पूर्वी पुट्टी लागली असेल, तर पत्रा हलताच पुट्टी सुटते आणि तिच्यासोबत रंगही. रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावल्यास मूळ रंग आणि पुट्टीवरचा रंग यांतला फरक लगेच कळतो, कारण पुट्टीच्या जागी आकडा शेकडो मायक्रॉनने वाढलेला दिसतो.

रंगकामाची बाजू

डेंटिंग-पेंटिंगचे मोठे बळ असे की त्याला जवळजवळ कोणतेही नुकसान वर्ज्य नाही. फाटलेला पत्रा, गंज, खोल चरा, चुरगळलेली कड, सगळे यात सामावते. अडचण येते ती रंग जुळण्यात. रंगाचा कोड एकच असला तरी उन्हात काही वर्षे काढलेल्या गाडीची छटा बदललेली असते. मेटॅलिक आणि पर्ल रंगांत तर फवारणीचा दाब आणि अंतर बदलले की चमकी वेगळ्या कोनात बसते, त्यामुळे समोरून जुळलेला रंग बाजूने पाहताना वेगळा दिसतो. म्हणून चांगला रंगारी नवा रंग शेजारच्या भागावर विरळ करत नेतो. याचा अर्थ, एका दरवाज्याच्या पोच्यासाठी दुसऱ्या दरवाज्यावर आणि फेंडरवरही क्लिअर कोट मारावा लागू शकतो. हे आधी विचारून घ्यावे, कारण त्याने खर्च आणि मूळ रंगाचे नुकसान दोन्ही वाढतात.

वेळेचा फरक सरळ आहे. एखाद-दुसरा साधा पोचा पीडीआरने काही तासांत निघतो; रंगकामात पुट्टी, प्राइमर आणि रंग यांच्या सुकण्याचा वेळ धरून गाडी सहसा काही दिवस अडकते.

खर्चाचा हिशेब मात्र दोन्हीकडे वेगळ्या रीतीने चालतो. पीडीआरचे पैसे पोच्यांची संख्या, खोली आणि जागा यांवर ठरतात, रंगकामाचे बहुधा भागागणिक. त्यामुळे एका दरवाज्यावर एकच पोचा असेल तर पीडीआर सहसा स्वस्त पडते. त्याच दरवाज्यावर अनेक पोचे आणि धातूपर्यंत गेलेले ओरखडे असतील, तर पूर्ण दरवाजा रंगवणे हाच शहाणपणाचा खर्च ठरतो. गारपिटीचे नुकसान याला मोठा अपवाद आहे. तिथे खळगे शेकड्यांनी असले तरी ते बहुधा उथळ आणि रंग अखंड असलेले असतात, आणि छप्पर, बॉनेट व डिकी सगळे रंगवण्यापेक्षा पीडीआर हाच योग्य मार्ग असतो. विम्याचा दावा करायचा असेल, तर दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत गमावणे परवडते का, हेही या हिशेबात धरावे.

माझा कल पीडीआरकडे का आहे, तेही स्पष्ट सांगतो. रंग अखंड असताना आधी पीडीआर करून पाहिले आणि निकाल मनासारखा आला नाही, तरी रंगकामाचा मार्ग उघडा राहतो. उलट पत्रा बराचसा वर आल्यामुळे पुट्टी कमी लागते. रंग एकदा घासला की मात्र परतीची वाट उरत नाही. खोल पोच्याच्या बाबतीत तर पीडीआरच्या हत्यारांनी पत्रा आधी जवळजवळ पूर्ववत करून मग रंगवणे, हा दोन्हींचा मेळ मला सर्वांत प्रामाणिक दुरुस्तीचा वाटतो. गाडी लवकर विकायची असेल तर हा मुद्दा अधिकच वजनदार होतो, कारण जाडी मोजणारा खरेदीदार रंगवलेला भाग पाहून मोठ्या अपघाताची शंका घेतो.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, सक्शन कपने मोठा, उथळ आणि घडी नसलेला पोचा कधीकधी उसळून बाहेर येतो. गरम हवा आणि पाठोपाठ थंडावा देण्याच्या युक्तीने घडी पडलेला पोचा निघत नाही, आणि अति उष्णतेने रंग खराब होऊ शकतो.

काम देण्यापूर्वी कारागिराला तीन गोष्टी विचाराव्यात: मागून वाट कुठून काढणार, पत्र्याला भोक पाडणार का, आणि रंग तडकला तर जबाबदारी कोणाची. भोक पाडून आत शिरण्याची पद्धत काही ठिकाणी चालते. तिने गंजाला नवे दार उघडते, म्हणून ती नाकारावी असेच मी सुचवेन. गाडी परत घेताना ती आधी धुतलेली असावी. दुरुस्त भागावर सरळ रेघ असलेल्या एखाद्या वस्तूचे प्रतिबिंब तिरप्या कोनातून पाहावे आणि हळूहळू बाजूला सरकावे. रेघ कुठे थरथरते ते पाहावे. रंगकाम केले असेल तर हीच तपासणी उन्हात, सावलीत आणि दिव्याखाली अशी तिन्ही प्रकाशांत करावी, आणि रंग पूर्ण पक्का होईपर्यंत वॅक्स लावणे टाळावे. तो कालावधी रंगाच्या उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे कार्यशाळेकडून लेखी घ्यावा.