मास्टरिंगसाठी घेतलेला अ‍ॅनालॉग स्टिरिओ कॉम्प्रेसर आणि त्याचा मेकअप नॉब

कॉम्प्रेसर, म्हणजे गाण्यातले जोरातले भाग आपोआप दाबणारं मशीन, मी मास्टरिंगला, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवायला वापरतो. ते मशीन कालच रिपेअर होऊन आलं म्हणून लिहायला बसलो. कंपनीचं नाव घेत नाही, वॉरंटीवरून अजून मेलामेली चालू आहे. प्रकार ओळखीचाच, एसएसएल या मिक्सिंग कन्सोलवाल्या कंपनीच्या जी सिरीज बस कॉम्प्रेसरच्या धर्तीवरचा व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजने पातळी कमीजास्त करणारा. मॅन्लेचा व्हेरिएबल म्यू किंवा शॅडो हिल्स हे महागडे कॉम्प्रेसर परवडणारे नव्हते, माझ्याकडे येणारं काम म्हणजे अभंग, भावगीतं, त्यातून तेवढा पैसा सुटत नाही.

मुख्य तक्रार आधी. अटॅक (किती लवकर दाबायचं), रिलीज (किती लवकर सोडायचं), रेशो (किती दाबायचं) तिन्हीला खटके आहेत पण थ्रेशोल्ड (कुठल्या पातळीपुढे दाबायचं) आणि मेकअप (दाबल्यावर पातळी परत किती वर आणायची) साधे फिरते पॉट, म्हणजे कुठेही थांबणारे नॉब. मिक्सिंगला चालून जातं, मास्टरिंगला अजिबात नाही. क्लायंटचा महिन्याने फोन येतो, "दादा, सगळं तसंच ठेवा, फक्त कोरस जरा वर घेऊन नवीन मिक्स पाठवलाय." आता वहीत लिहिलेलं असतं, फोटो काढलेला असतो, तरी नॉब नेमका तिथे बसत नाही, अर्धा डीबी (डेसिबल) इकडेतिकडे होतोच, आणि जरासं जोरात वाजलेलं कानाला बरंच वाटतं त्यामुळे जुनं-नवं लावून बघताना आपण नक्की काय ऐकतोय तेच कळत नाही. एवढ्या किमतीत दोन खटक्यांचे स्विच देता येत नाहीत का?

त्यात उन्हाळ्यात उजवा चॅनल पडला. एक किलोहर्ट्झचा टोन सोडून बघितला, उजवीकडे पाऊण डीबी कमी. या डिझाइनमधे मेकअप म्हणजे एकच कंट्रोल व्होल्टेज दोन्ही व्हीसीएना जातं, म्हणजे पॉट खराब झालं तरी एकच बाजू पडायचं कारण नाही, दोष आतल्या ट्रिमरचा (जुळवणीच्या छोट्या पॉटचा) नाहीतर व्हीसीएचा. हे सगळं रेकॉर्डिंगसकट लिहून दिलं. उत्तर काय, तर टॉलरन्समधे, म्हणजे चालण्याजोग्या फरकात आहे! अहो, मधोमध असलेला गायक डावीकडे झुकतोय आणि हे टॉलरन्स सांगतायत.

विकायलाच काढला होता, पण मधेच एका अभंगाच्या अल्बमने मत बदललं. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूवर थाप पडली की किती दाबलं जातंय ते दाखवणारा काटा चार डीबी खाली, आणि त्याबरोबर गायक, तानपुरा सगळंच आत ओढलं जायचं. साइडचेनचा, म्हणजे कधी किती दाबायचं ते ठरवणाऱ्या आतल्या वाटेचा हायपास (खालचा खर्ज गाळणारा फिल्टर) शंभर हर्ट्झच्या आसपास लावला, रेशो २:१, अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज ऑटो, काटा दीड डीबीच्या पुढे जाऊ दिला नाही. थाप पूर्ण वजनाने आली आणि आवाज जागेवर राहिला, कोरस आणि पेटी एकमेकांना धरून वाजायला लागले. खरंच फार सुंदर वाटलं. टाळ टोचत असतील तर मात्र याची मदत नाही, तीस मिलिसेकंदात टाळांचा ठोका निसटून गेलेला असतो, ते मिक्समधेच बघा. आणि हायपास प्लगइनमधेही (कॉम्प्युटरवरच्या कॉम्प्रेसरमधेही) मिळतो, रिकॉलची, म्हणजे जुनी सेटिंग परत जुळवायची कटकट नाही, त्यामुळे पैसे मोजूनमापून असतील तर आधी प्लगइनच घ्या.

शेवटी आमच्या इथल्या एका टेक्निशियनने ट्रिमर बदलून दोन्ही बाजू जुळवल्या आणि मेकअपला २४ खटक्यांचा रोटरी स्विच बसवला, अर्ध्या डीबीची पायरी. कंपनी नुसतं तपासायचे जेवढे मागत होती त्याहून कमी पैशात. काल जुना अभंग परत लावला, खटके मोजून मेकअप ठेवला, आणि मेकअपपुरती तरी शोधाशोध संपली. थ्रेशोल्डलाही तसाच स्विच सांगितलाय, पार्ट आले की मशीन परत त्या टेक्निशियनकडे जाईल.